आधी कोण पिणार? नाशिकच्या चार दारू आणि पेठची पाचवी

मला प्रवास सोसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एस.टी.त बसलो की घराचं कुलूप नीट लागलं का, हे आठवत राहतं आणि उतरलो की गाडीत काही राहिलं का, हे. तरी लिहायला बसलो, कारण नात म्हणाली, "आजोबा, लोक हल्ली मोहाची दारू चाखायला मुद्दाम पेठकडे जातात. तुम्ही तर कधीचे जाऊन आलात. लिहा ना." जातात म्हणे. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, पण सोबत पाणी, टॉवेल आणि ओळखीचा माणूस न्यावा. का ते पुढे कळेल. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही परीक्षा न देता. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

साल ऐंशीच्या मागचं-पुढचं असेल. मी सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. आमच्याच खात्यात देवराम नावाचा पेठकडचा कोकणा आदिवासी मुलगा होता. जेवायला तो आमच्याकडे यायचा. खानावळ म्हणून सुरू झालं आणि मग घरचाच झाला. माझ्या बायकोला, शांताला, तो वहिनी म्हणायचा आणि भाकरी करपली तर तिला तोंडावर सांगायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याने वाढवलेला.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला देवरामचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगी पेठच्या पलीकडल्या एका पाड्यावरची, यमुना नाव. दोघांनी एकमेकांना बाजारात पाहिलेलं आणि पसंतही केलेलं. पण त्यांच्या पाड्यावरची रीत अशी, की बोलणी झाल्यावर मुलाकडचा वडीलधारा आणि मुलीकडचा वडीलधारा समोरासमोर बसतात. मुलाकडच्याने मुलीच्या घरची दारू प्यायची, मुलीकडच्याने मुलाकडून आणलेली. पिऊन दोघांनी "गोड" म्हणायचं. तो शब्द निघाला की सोयरीक पक्की. निघाला नाही तर पाहुण्यांनी आल्या वाटेने परत जायचं.

देवरामचा चुलता झाडावरून पडून पाय मोडून बसला होता. त्याने निरोप पाठवला, "नाना, तुम्हीच जा. पोराचं खाणं तुमच्या घरी, मग पोराचं पिणंही तुमच्यावर."

मी म्हणालो, "देवराम, मी पीत नाही रे."

"माळ घातलीय का?"

"माळ नाही. भीती वाटते."

हे खरं होतं. मी धर्म म्हणून किंवा तत्त्व म्हणून कधी सोडली नव्हती, मुळात धरलीच नव्हती. विषारी दारू पिऊन कुठे कुठे माणसं आंधळी झाल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. मी त्या दोन-दोनदा वाचायचो आणि रात्री डोळे मिटायला घाबरायचो. देवराम नुसता ताटातल्या भाकरीचे तुकडे करत बसला. मग म्हणाला, "करंजाळीकडून अजून एक स्थळ आलंय तिला. ते लोक पुढच्या आठवड्यात येणार."

आता नाही कसं म्हणणार?

मुलीच्या आजोबांचा, लहानूबाबांचा, निरोप होता, "मोहाची आम्ही पाजू. नाशिकची तुम्ही आना. पन चांगली आना." नाशिकची चांगली म्हणजे कोणती? ना मला माहीत, ना देवरामला. म्हणून आम्ही कारखान्याच्या गेटवरच्या हवालदारांना गाठलं. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, देवळाली कॅम्पात राहायचा आणि आमच्याकडे वॉचमन होता. ऐकून ते म्हणाले, "नाना, घबराव मत. रविवारी मी दोघांना सगळी दारू दाखवतो. पण आधी परवाना काढ." त्या काळी प्यायला आणि बाळगायला परवाना लागायचा. तो पुष्कळ जण काढत नसत. मी काढला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावली.

तर रविवार. चार ठिकाणं, चार चवी. माझी मतं देतो, ज्याची त्याने पारखून घ्यावी.

पहिली बिअर. मेनरोडच्या मागे एक परमिट रूम होती. बाहेर कडक ऊन आणि आत संध्याकाळ. खारे शेंगदाणे आणि उकडलेलं अंडं आलं. बाटली बर्फाच्या पेटीतून काढलेली, घाम फुटलेली. तिला घाम आणि मलाही. हवालदारांनी ग्लास तिरका धरून ओतली, म्हणाले, "फेस वर येऊ द्यायचा नाही. फेसाचे पैसे आपण का द्यायचे?" पहिल्या घोटाला मला मेथ्या भिजवलेलं पाणी आठवलं. कडू. दुसऱ्या घोटाला कडूपणा कमी झाला, तिसऱ्याला ढेकर आला. माझं मत: थंड असेल तोवर बरी. गार पाणी प्यायल्यासारखं समाधान होतं, आणि डोकं जागेवर राहतं. अंड्याबरोबर जाते, शेंगदाण्याबरोबर जास्त जाते. गरम झाली की मात्र तिच्यात काही उरत नाही.

दुसरी देशी, संत्र्याच्या वासाची. हे दुकान आमच्या सातपूरलाच, पाळी सुटली की गर्दी व्हायची. बसायला जागा नाही, बसायचं कारणही नाही. माणसं तळहातावर मीठ घ्यायची, ग्लास एका दमात रिकामा करायची, मीठ चाटायची आणि सायकल काढायची. मी जिभेचं टोक बुडवलं. आधी लिमलेटची गोळी, मग लगेच पेटता स्टोव्ह. शेजारच्या एकाने मला विचारलं, "काय काका, चहा पिताय का?" माझं मत: ही चवीने प्यायची वस्तू नाही. दिवसभर लोखंड उचललेल्या माणसाला ती का लागते ते समजतं, पण पाहुण्यापुढे ठेवता येणार नाही.

तिसरी रम. ती हवालदारांच्या घरी, देवळाली कॅम्पात. कँटीनची. त्यांनी ती गरम पाण्यात दिली, आणि बाहेर एवढं ऊन असून वाईट लागली नाही. काकवी किंचित जळू दिली तर जसा वास येतो तसा वास. घशातून उतरताना पायजम्यापर्यंत ऊब गेली. देवराम म्हणाला, "हीच न्यायची." मलाही तीच पटली. पण हवालदारांनी बूच लावलं आणि बाटली कपाटात ठेवली.

"कँटीनची बाटली फौजीच्या घराबाहेर जात नाही."

"पोराच्या लग्नासाठी, साहेब," देवराम म्हणाला.

"लग्नात मी स्वतः येऊन पिईन. बाटली येणार नाही. नियम म्हणजे नियम."

मला मनातून बरंच वाटलं. नियम मोडून आणलेली बाटली घेऊन मी एस.टी.त बसूच शकलो नसतो.

चौथी द्राक्षाची. शरणपूरला मार्थाबाई म्हणून एक ख्रिस्ती बाई होत्या, हवालदारांच्या बायकोच्या मैत्रीण. नाताळासाठी घरीच बरणीत करायच्या. त्यांनी कपाटाच्या तळातून उरलेली काढली आणि औषधाच्या मापाएवढ्या तीन काचेच्या पेल्यांत दिली. रंग इतका सुंदर की प्यायचं विसरलो. चव मात्र आंबट, आमसुलासारखी, आणि पिऊन झाल्यावर जीभ टाळूला चिकटते. देवराम हळूच म्हणाला, "बाई, साखर विसरल्या का?" मार्थाबाई हसल्या, "साखर खायची असेल तर पेढे खा, बाळा." माझं मत: जेवणाबरोबर चांगली लागेल. नुसती घेतली तर ती आपली परीक्षा बघते. त्यांनी बाटली भरून द्यायचीही तयारी दाखवली, पण तिच्यावर ना चिठ्ठी ना शिक्का. वाटेत कोणी विचारलं तर काय सांगणार?

शेवटी मी बिअर निवडली. कारण सांगताना लाज वाटत नाही. ती सगळ्यांत कमी जहाल, वर कंपनीचं लेबल आणि घट्ट झाकण. लहानूबाबांना आवडो न आवडो, निदान त्यांच्या डोळ्यांना तरी काही होणार नाही. हवालदार म्हणाले, "नाना, सोयरीक करायला चाललाय की दवाखान्यात?"

निघायच्या दिवशी शांताने भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून दिला. दोन बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. दारात म्हणाली, "पिऊन या नाहीतर न पिता या. डोळे घेऊन या."

सीबीएस स्टँडवरून पेठची गाडी सकाळी सुटायची. जागा धरायची असेल तर रुमाल टाकून उपयोग नाही, माणूसच टाकावा लागतो. देवराम खिडकीतून आत शिरला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पेठ नाका सुटला, मळे मागे पडले आणि रस्ता चढू लागला. सावळघाटात गाडी अशी हलायची की बाटल्या एकमेकींशी बोलायला लागल्या. मी मध्ये माझा हात घातला. तो हात पुढे दोन दिवस दुखला. घाटातून डावीकडे बघावं असं म्हणतात, फार सुंदर दिसतं. मी बघितलं नाही. मी टॉवेल ओला आहे का ते बघत होतो.

करंजाळीला गाडी चहाला थांबते. भजी चांगली मिळतात, पण गरम असली तरच घ्या. तिथे एक खाकीतला जवान गाडीत चढला आणि पिशव्या बघू लागला. पुढे गुजरातची हद्द, तिकडे दारूबंदी, म्हणून या रस्त्यावर तपासणी असायची. सेफ्टी पिन निघेना. पिन बोटात घुसली तेव्हा परवाना बाहेर आला. जवानाने तो वाचला, बाटल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठे चाललात मामा?"

"पेठला. सोयरिकीला."

"पेठला बिअर?" तो मागे वळून कंडक्टरला म्हणाला, "ऐकलं का, मामा समुद्राला मीठ घेऊन चाललेत." सगळी गाडी हसली. मी पण हसलो, पण परवाना परत खिशात जाईपर्यंत माझं हसू खरं नव्हतं.

पेठला उतरून पुढे पायवाट. डोंगर उतरायचा, ओहोळ ओलांडायचा, परत चढायचं. मोहाचा मोसम होता. झाडांखाली जमीन झाडून स्वच्छ केलेली आणि तिच्यावर पिवळसर पांढरी, टपोरी फुलं पडलेली. देवरामने एक उचलून तोंडात टाकलं, मला एक दिलं. मनुका आणि ओलं गवत एकत्र चावल्यासारखं लागलं. वास इतका गोड, की चालता चालता डोकं जड होतं. देवराम म्हणाला, "नाना, अजून प्यायला नाहीत तुम्ही."

पाड्यावर पोचलो तेव्हा घराच्या मागच्या बाजूला चूल पेटलेली. चुलीवर मातीचं मोठं मडकं, त्याच्या तोंडाला शेणमातीने लिंपलेलं झाकण, त्यातून बांबूची नळी निघून पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात गेलेली. नळीपाशी एक मुलगी बसली होती. तीच यमुना. देवरामकडे तिने पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहून डोक्यावरून पदर घेतला. तिच्या शेजारी तिची आजी.

मी नको ते विचारून बसलो. "यात नवसागर वगैरे टाकता का हो?" शहरात चोरून गाळणारे टाकतात असं मी ऐकलं होतं.

आजीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "नवसागर तुमच्याकडं. आमच्याकडं फुलं हायत. फुलं नसती तर आमी बी टाकला असता."

यमुना खाली बघून हसली. हे सगळं कायद्यात बसत होतं का? नसावं. त्या क्षणी मला तीही काळजी वाटली. पण खिशातला माझा परवाना फक्त माझ्यापुरता होता, मग पिशवी उचलून अंगणात गेलो.

दुपारी अंगणात मांडव घातला होता. माणसं गोल बसली. बोलणी लवकर झाली, कारण सगळं आधीच ठरलेलं. लहानूबाबा माझ्यासमोर बसले. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, डोक्याला फडकं, कानात बाळी. आमच्या दोघांमध्ये पळसाच्या पानांचे दोन द्रोण ठेवले. मागे नागलीच्या भाकऱ्या, भात आणि उडदाचं वरण तयार होतं. पण आम्ही दोघांनी पिऊन गोड म्हटल्याशिवाय कोणी जेवायचं नाही.

मी बिअरचं झाकण उघडलं. घाटभर हललेली आणि उन्हाने तापलेली ती बाटली माझ्या हातात फुटल्यासारखी उसळली. फेस माझ्या तोंडावर, शर्टावर आणि उरलेला सगळा जमिनीवर. बायका ओरडल्या. पोरं पळाली. त्यांच्याकडे पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर पितरांसाठी सोडतात. लहानूबाबांनी ओल्या जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमचे म्हातारे लय तहानले व्हते."

सगळे हसले. मला धीर आला. दुसरी बाटली देवरामने हळू, टॉवेल धरून उघडली आणि लहानूबाबांचा द्रोण भरला. आजीने माझा द्रोण भरला. पाण्यासारखी स्वच्छ, वरून मोहाचा वास.

"घ्या बाबा," मी म्हणालो.

"तुमी घ्या पावनं. आधी पावनं."

"नाही बाबा, वय तुमचं मोठं."

"पावन्याचं वय बघत नायत."

लोक माना डोलवू लागले. म्हणाले, पाहुणा रीत जाणतो. मी द्रोण ओठापर्यंत नेला आणि परत खाली आणला. बाबांनीही तसंच केलं. मी म्हणालो, "बाबा, आधी तुम्ही." ते म्हणाले, "नाय नाय." परत तेच. आणि परत. मागे कोणीतरी भातावर झाकण ठेवलं. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. यमुनाचा काका उभा राहिला.

"याला प्यायची नाय, म्हंजी याला सोयरीक नको," तो म्हणाला. "करंजाळीवाल्यांना सांगावा धाडू का?"

देवरामने माझ्याकडे पाहिलं. मला ते तोंड अजून दिसतं. त्याला रागावताही येईना आणि हात जोडताही येईनात. मी द्रोण परत उचलला. माझा हात थरथरत होता, आणि तेव्हा मला दिसलं, की समोरचा द्रोणही थरथरतोय.

लहानूबाबा पुढे वाकले. फक्त मला ऐकू यावं असं म्हणाले, "ही गाळली कोनी?"

"कुठली, बिअर? कंपनीने."

"कंपनी म्हंजी कोन?"

"कंपनी म्हणजे... कारखाना."

"तिचा बाप कोन? गाव कोनतं?"

मी बाटली फिरवून लेबल दाखवलं. त्यांनी लेबलावर अंगठा फिरवला. "यावर तोंड नाय कोनाचं. बाटलीतली पिऊन मानसं मरत्यात असं आमच्या बाजारात सांगत व्हते. माला पोरीचं लगीन बघायचंय."

मला हसू येऊ लागलं आणि रडूही. मी म्हणालो, "बाबा, मी पण तेच म्हणतोय. या मडक्यातल्याला ना लेबल, ना शिक्का. माझी बायको म्हणालीय, डोळे घेऊन या."

बाबा असे हसू लागले, की खोकला आला आणि आजी पाठीवर हात मारायला धावली. ठसका संपल्यावर त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "त्या कातळावर शेळ्या किती हायत?"

मला शेळ्याच दिसत नव्हत्या.

"चार. एक गाभन. आता तूच सांग, डोळं कोनाचं गेलं?"

एव्हाना अंगणातल्या सगळ्यांना कळलं होतं, की दोन म्हातारे रीत पाळत नसून घाबरलेत. मी तर तेव्हा पस्तिशीचाही नसेन, पण म्हाताऱ्यांतच मोजला गेलो. काका परत खाली बसला, तोंडावर हात ठेवून. आजी म्हणाली, "पोरी, इकडं ये."

यमुना आली. तिने माझ्या हातातला द्रोण घेतला, सगळ्यांसमोर एक घोट प्यायली, मनगटाने तोंड पुसलं आणि द्रोण माझ्या हातात परत दिला.

"मी गाळली," ती म्हणाली. "आता तुमची तुमी प्या आन बाबाला द्या."

"पण बिअर मी थोडीच केलीय?"

"तुमीच आनली ना?"

मी बाबांच्या द्रोणातली बिअर प्यायलो. गरम, फेस गेलेली, मेथ्यांचं पाणी. ज्या कंपनीचा मी मालक नव्हतो, नोकर नव्हतो, तिच्यासाठी मी तोंड वाकडं न करता प्यायलो आणि द्रोण बाबांना दिला. ते माझ्याकडे काही वेळ बघत राहिले. मी मेलो नाही असं पाहून त्यांनी डोळे मिटले आणि एका घोटात संपवली.

त्यांचं तोंड एरंडेल घेतल्यासारखं झालं. "कडू जहर! हिला पैसं देता?"

"अवो!" आजी ओरडली. "शबुद!"

बाबांनी आवंढा गिळला. सगळ्या अंगणाकडे बघितलं, नातीकडे बघितलं. "गोड," ते म्हणाले. असं कडू गोड मी आयुष्यात ऐकलं नाही.

मग माझी पाळी. दोन थेंब जमिनीवर सोडले आणि प्यायलो.

आता माझं मत. ही पाचवी. आधी धूर लागतो, चुलीचा, ओळखीचा. मग फूल येतं, त्याच वाटेवरचं, तोंडात टाकलेलं. घशात जळत नाही, छातीत गेल्यावर हळूच दिवा लावल्यासारखा उजेड करते. देशीसारखी मारायला धावत नाही, रमसारखी मिठी मारत नाही, द्राक्षाच्या दारूसारखी परीक्षा घेत नाही. पाण्यासारखी दिसते, म्हणून माणूस फसतो. दुसऱ्या द्रोणानंतर मला डोंगरावर शेळ्या दिसायला लागल्या, पण चाराहून जास्त. माझा सल्ला: पहिल्या धारेची एक द्रोण पुरे, वर भात आणि उडदाचं वरण. आणि ज्याने गाळली त्याला आधी बघा. ओळख नसेल तर नम्रपणे नको म्हणा. हा सल्ला मी घाबरून देत नाही. म्हणजे थोडा घाबरूनही देतो.

"गोड," मी म्हणालो. म्हणावं लागलं नाही, निघालं.

भातावरचं झाकण काढलं. देवराम जेवला नाही, तो वाढतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतलो. घाटभर रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड वाचत आलो. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. "नाशिक" दोन्ही डोळ्यांना दिसत होतं. शेजारच्या बाईंनी एकदा जागा बदलून घेतली. देवराम खिडकीशी झोपला होता, तोंड उघडं टाकून. पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या आणि यमुनाने दिलेली वाळल्या मोहाच्या फुलांची पुरचुंडी.

घरी शांताने दारातच हात वर केला. "हे किती?"

"तीन बोटं. आणि बांगडी टिचलीय."

"या आत," ती म्हणाली.

देवराम आणि यमुना सातपूरलाच राहिले. आता दोघांचेही केस पांढरे झाले. लहानूबाबा नातीचं लग्न बघून, वर दोन पतवंडं खेळवून गेले. माझे डोळे आता खरंच मंद झालेत. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू, वयाने होतो. मी तीनदा विचारून खात्री करून घेतली, की मोहाचा यात हात नाही.

मागच्या हिवाळ्यात देवरामच्या मुलीने आम्हा सगळ्यांना गंगापूर धरणाकडच्या एका वाईनच्या ठिकाणी नेलं. मोठं काचेचं घर, बाहेर द्राक्षांच्या रांगा. सुटीच्या दिवशी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथला मुलगा ग्लास गोल फिरवून सांगत होता, हिच्यात जांभळाचा वास आहे, लाकडाचा आहे, मिऱ्याचा आहे. मला काहीच येत नव्हता. माझ्या मनात चाललं होतं, की रक्तदाबाच्या गोळीवर ही चालते का आणि एवढा पातळ ग्लास हातातून पडला तर?

मी त्याला विचारलं, "ही केली कोणी?"

त्याने बाटली फिरवून लेबल दाखवलं.

मी ग्लास तसाच धरून बसलो. शांता गालातल्या गालात हसत होती. देवराम खिडकीबाहेर बघू लागला. समोरून यमुना उठली, माझ्या हातातला ग्लास घेतला, एक घोट प्यायली, मनगटाने तोंड पुसलं आणि परत दिला.

"घ्या नाना. मी प्याले."

मी प्यायलो. आंबट होती, मार्थाबाईंच्या बरणीतल्यासारखी, जीभ टाळूला चिकटली. तो मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता, कशी वाटली म्हणून.

"गोड," मी म्हणालो.